नाश्त्याला फूल मुदम्मस: वाल चालतील का, मसाला कुठला आणि बाकी शंका

मागच्या अंकात बाहेरच्या देशांतल्या नाश्त्यांबद्दल लिहिताना इजिप्तच्या फूल मुदम्मसवर दोनच ओळी लिहिल्या होत्या, बाकल्याच्या (फावा बीन्सच्या, अरबीत फूल) दाण्यांचं मंद आचेवर शिजवलेलं घट्टसर कालवण, वरून तेल, लिंबू, जिरं, सोबत रोटी, बस एवढंच. त्यावर गुहागरपासून सावंतवाडीपर्यंत इतक्या जणांनी विचारलं की ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, माझा मुलगा कुवेतला नोकरीला आहे, त्याच्या रूमवर दोघं इजिप्तचे आहेत आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ते हे करतात. आता घरी आलाय तर रोज म्हणतो आई ते कर. मी कडवे वाल भिजवून मोड आणून सोलून, गूळ-खोबरं घालून उसळ केली, त्याने दोनदा वाढून घेतली पण म्हणाला हे ते नव्हे. त्यात मसाला कुठला असतो? (गुहागर)

उत्तर: मसाला नसतोच, हीच तर गंमत आहे त्याची. आपल्याला सवय अशी की कडधान्य म्हटलं की आधी फोडणी, मग कांदा, मग वाटप, आणि शिजतं ते त्या मसाल्यात. मुदम्मसमधे दाणा नुसत्या पाण्यात शिजतो, तासन् तास, आणि जे काय घालायचं ते ताटात वाढल्यावर. फोडणी नाही, हळद नाही, गरम मसाला नाही, खोबरं तर नाहीच नाही. तुमची डाळिंब्यांची उसळ चांगलीच झाली असणार, पण मुलाला आठवते ती चव निव्वळ दाण्याची आणि संथ शिजण्याची आहे, ती मसाल्याने येत नाही.

आता दाणा. तो वाल नाही, बाकला. हिंदी पट्ट्यात बाकलाच म्हणतात, बिहार-उत्तर प्रदेशात पिकतो, आपल्याकडे वाण्याकडे सहसा मिळत नाही पण ऑनलाइन 'फावा बीन्स' म्हणून सुका मिळतो. घेताना दोन गोष्टी बघा, एक म्हणजे सालासकट अख्खा हवा, सोललेली पिवळी डाळ नको, आणि दुसरं म्हणजे दाणा जितका लहान नि गोलसर तितका बरा. इजिप्तमधे मुदम्मसला असा लहान दाणाच घेतात, त्याला फूल हम्माम म्हणतात, मोठा चपटा असतो तो फूल रूमी, तोही चालतो पण साल जाड असतं आणि वेळ जास्त लागतो. तिकडे हे इतकं खपतं की देशात पिकतं ते पुरत नाही, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधून बाकला मागवावा लागतो.

प्रमाण सांगते. चार-पाच माणसांच्या नाश्त्याला 250 ग्रॅम बाकला पुरे. निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, भरपूर पाण्यात 8 ते 12 तास भिजत घाला. आपल्याकडच्या दमट हवेत एप्रिल-मे महिन्यात पाणी लगेच फसफसतं, तेव्हा मधे एकदा पाणी बदला नाहीतर भांडं सरळ फ्रीजमधे ठेवा. भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं. मग कुकरमधे दाणे, मूठभर मसूर डाळ, आणि दाण्यांच्या वर चार बोटं येईल इतकं पाणी. मसूर डाळ विरघळून रश्शाला दाटपणा देते, तिकडेही बरेच जण घालतात. मीठ आत्ता नको. एक शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करून 40 मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या.

इथवर आलं की लोकांना वाटतं झालं. झालेलं नसतं. दाणा मऊ असतो पण साल वेगळं लागतं आणि पाणी पाण्यासारखं असतं. आता ते सगळं जाड बुडाच्या पातेल्यात किंवा मडक्यात काढा, सगळ्यात लहान बर्नरवर ठेवा आणि वर ताटात पाणी घालून झाका, आपण मटण शिजवताना ठेवतो तसं. रस आटायला लागला तर त्या ताटातलंच गरम पाणी आत ओतायचं, गार पाणी घालू नका. दीड-दोन तास. ढवळायचं नाही, ढवळलं की दाणे फुटून खाली लागतात, नुसतं पातेलं धरून हलवायचं. झालं की नाही ते बघायला एक दाणा जिभेवर ठेवून टाळूला दाबा, साल आणि गर एकदम विरला पाहिजे, दाताचं काम पडता कामा नये. रस तपकिरी, डावाला चिकटून हळू ओघळेल असा.

मग वाढणं. खोलगट ताटलीत दोन डाव घ्या, वाटीच्या बुडाने अर्धे दाणे चेचा, अर्धे तसेच राहू द्या. एक लसूण पाकळी मिठाबरोबर ठेचून, भाजून कुटलेलं जिरं पाव चमचा, अर्ध्या लिंबाचा रस, आणि वरून तेल, थेंब थेंब नाही, चांगलं सढळ हाताने चमचाभर. बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, उकडलेलं अंडं बाजूला. तिकडे पार्सली घालतात, कोथिंबिरीने काही बिघडत नाही. तेल कच्चंच घालायचं असतं म्हणून खोबरेल नको, त्याचा वास दाण्यावर चढतो. ऑलिव्ह ऑइल असेल तर उत्तम, इजिप्तमधे जवसाचं तेलही घालतात, ते मिळालं तर खाण्याचं आहे ना ते बघून घ्या आणि तापवू नका. दोन्ही नसेल तर घाण्याचं तिळाचं.

प्रश्न: बाकला मिळेपर्यंत थांबायला कोण तयार आहे! घरात पावटे, चवळी, काळे वाटाणे, राजमा सगळं आहे, त्यातलं काय चालेल? (मालवण) असंच दापोली आणि देवरुखहूनही विचारलंय.

उत्तर: काळे वाटाणे नको. त्यांची चव मला फार आवडते पण ती आमटीची, वाटप घातल्यावर खुलणारी, नुसतं लिंबू-तेल त्यांना पुरत नाही आणि ते शिजून लोण्यासारखे होतही नाहीत. कडव्या वालांचा कडवटपणा सोलल्यावर गुळाखोबऱ्यात गोड लागतो, इथे उघडा पडेल. चवळी लवकर शिजते पण रस पातळ राहतो. माझ्या मते सुके पांढरे पावटे आणि काबुली चणे निम्मे निम्मे घ्या, पावटा दाटपणा देतो आणि चणा दाण्याचा घास देतो, आणि लेबनॉन-सीरियाकडे बाकल्यात काबुली चणे घालतातच, म्हणजे अगदी परकं काही होणार नाही. चणे वेगळे भिजवा आणि कुकरला आधी लावा, त्यांना वेळ जास्त.

राजम्याबद्दल मात्र नीट ऐका. राजमा घालायचाच असेल तर भिजवून, पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळ उकळल्याशिवाय मंद आचेवर ठेवू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते उकळीने नष्ट होतं पण नुसत्या कोमट-गरम आचेवर रात्रभर ठेवलं तर होत नाही, उलट्या-जुलाब होतात. कुकरमधे काळजी नाही, स्लो कुकर आणि निखाऱ्यांवरच्या मडक्यात आहे.

आणि तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे कडधान्य कितीही शिजवलं तरी दडदडीत राहतं. विहिरीचं पाणी मचूळ आहे का? समुद्राजवळच्या बऱ्याच विहिरींना उन्हाळ्यात ते होतं आणि असल्या जड पाण्यात दाण्याचं साल मऊ होत नाही. शिजवण्यापुरतं पिण्याचं पाणी घ्या. टोमॅटो, लिंबू, कोकम ह्यातलं काहीही शिजताना घालू नका, आंबट पडलं की दाणा तिथेच अडतो. जुना दाणा असेल तर चिमूटभर खायचा सोडा भिजवतानाच्या पाण्यात घाला, शिजवताना नाही, नाहीतर साबणासारखी चव लागते.

प्रश्न: आमच्या घरी अजून चूल आहे, रोज पाणी तापतं. चुलीवर रात्रभर ठेवता येईल का? पोपटीसारखं काही? (अलिबागजवळून)

उत्तर: येईल, आणि चुलीवरचं सगळ्यात छान होईल. मूळ पद्धत तीच आहे. कैरोमधे जुन्या सार्वजनिक हमामखान्यांच्या भट्ट्या दिवसभर पाणी तापवायला पेटलेल्या असायच्या, रात्री त्यांच्या निखाऱ्यात बाकल्याचे हंडे ठेवायचे आणि सकाळी गरम गरम विकायचे. तो हंडा, त्याला किद्रा म्हणतात, पोट मोठं आणि मान एकदम चिंचोळी, म्हणजे वाफ मानेला लागून परत आत पडते आणि रात्रभरात पाणी फारसं आटत नाही. आजही तिकडच्या रस्त्यांवर सकाळी हातगाड्या दिसतात, गाडीवर असला धातूचा मोठा हंडा तिरका बसवलेला आणि गाडीवाला लांब दांड्याचा डाव आत घालून काढतो.

पोपटीशी साम्य इतकंच की मडकं आहे आणि दाणा आहे. पोपटीत भांबुर्ड्याचा पाला भरून शेंगा वाफेवर भाजल्यासारख्या होतात, पाणी घालत नाही आणि जाळ मोठा, तास-अर्ध्या तासात काम होतं. इथे पाणी भरपूर आणि जाळ नाहीच. तुम्ही वैल, म्हणजे चुलीचं बाजूचं दुसरं तोंड, वापरा. मुख्य तोंडावर रात्रीचं जेवण झालं की मडकं वैलावर सरकवायचं, लाकडं ओढून घ्यायची, निखारे मागे ढकलून त्यावर राख पसरायची म्हणजे ते पहाटेपर्यंत धगधगत राहतात. मडक्याच्या तोंडावर झाकण आणि कडेने कणकेचा लेप. दाणे आधी मुख्य आचेवर अर्धा-पाऊण तास चांगले उकळून घ्या, तेव्हाच झाकण लावा, आणि पाणी दाण्याच्या वर वीतभर तरी असू द्या कारण मधे उघडायचं नाही. माती नवी असेल तर मडकं आधी दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा.

पण एक, सकाळी मडकं हाताला चांगलं गरम लागलं पाहिजे, म्हणजे बोट टेकवून ठेवता येणार नाही इतकं. पावसाळ्यात लाकूड ओलं असतं, निखारे मधेच विझतात आणि ते कोमट पाणी तासन् तास तसंच राहिलं तर आंबतं. उघडल्यावर फेस किंवा आंबूस वास आला तर परत उकळून खाऊ नका, टाकून द्या. पावसाचे चार महिने गॅसवरच करा.

ह्यातच अंडी शिजवायची असली तर कच्ची अंडी स्वच्छ धुऊन कवचासकट मडक्यात सोडा. रात्रभरात कवच तपकिरी होतं आणि आतलं पांढरंही बदामी होतं, बलक अगदी मऊ. तिकडे ही खास चीज आहे.

प्रश्न: रमजानमधे सहरीला करायचा विचार आहे. पहाटे वेळ नसतो, रात्री करून ठेवलं तर चालेल का? आणि ताहिना इथे मिळत नाही, त्याचं काय? (श्रीवर्धन)

उत्तर: सहरीला तर हे अगदी योग्य, इजिप्तमधे रमजानच्या पहाटे घरोघरी हेच असतं कारण दिवसभर पोटाला आधार राहतो. तिथले कॉप्टिक ख्रिश्चनही वर्षातले 200 पेक्षा जास्त दिवस उपास पाळतात, त्यात मांस, अंडी, दूध काही चालत नाही, मग त्यांचाही आधार हाच. एकाच हंड्यातलं दोघंही खातात.

रात्री शिजवून, मीठ-लिंबू-तेल काही न घालता, गार झालं की फ्रीजमधे ठेवा, तीन दिवस नीट राहतं. पहाटे लागेल तेवढंच काढून थोडं पाणी घालून उकळी आणा, फ्रीजमधे ते एकदम घट्ट झालेलं असतं, घाबरू नका. सहरीला मीठ हात राखून घाला आणि लोणचं-बिणचं सोबत घेऊ नका, दुपारी तहान लागेल.

ताहिना म्हणजे तिळाची पेस्ट, ती घरी होते. पांढरे तीळ एक वाटी, मंद आचेवर नुसते गरम होईपर्यंत परता, रंग बदलू द्यायचा नाही, लाल झाले की कडू होतात. गार करून मिक्सरच्या लहान भांड्यात फिरवा. आधी कोरडा चुरा होतो, मग कडेला चिकटतो, थांबून खरवडून परत फिरवा, तीळ स्वतःचं तेल सोडायला लागले की दोन-तीन चमचे तिळाचं तेल घाला आणि पीठ नव्हे तर ओघळणारी पेस्ट होईपर्यंत चालू ठेवा. ही बाटलीत राहते. वाढताना त्यातली दोन चमचे घेऊन लिंबू पिळा, पिळल्याबरोबर ती आक्रसून गोळा होते आणि बऱ्याच जणी तिथेच बिघडली म्हणून टाकतात, टाकू नका, चमचा चमचा पाणी घालून घोटत राहा, बघता बघता पांढरी शुभ्र मऊ होते. ती वरून सोडा. अलेक्झांड्रियाकडे ताहिना, टोमॅटो, कांदा आणि मिरची घालून करतात, ज्यांना साधं मुदम्मस सपक वाटेल त्यांनी तसं करावं, आपल्या लोकांना ते पटकन आवडतं.

रोटीचं दोघी-तिघींनी विचारलंय. तिकडची रोटी गव्हाची, कोंड्यासकट, फुगून आत पोकळ होणारी, तुकडा मोडून त्याने उचलून खायचं. आपला जरा जाडसर फुलका त्याच्या जवळ जातो. बेकरीचा कडक पावही मस्त. तांदळाची भाकरी गरम असेपर्यंत ठीक, गार झाली की मोडते. घावन नको, तो रस पिऊन हातात विरघळतो.

प्रश्न: माझ्या नातवाला जन्मल्यावर कावीळ झाली होती तेव्हा जी-सिक्स-पीडी कमी आहे असं सांगितलं होतं. आता तो सहा वर्षांचा, धडधाकट आहे. त्याला हे द्यावं का? (चिपळूण)

उत्तर: नाही. एक घासही नको, आणि हे मी ह्या सगळ्या सदरातलं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर समजते, बाकी कुणी वाचो न वाचो हे वाचा.

जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशींना सांभाळणारं एक एन्झाइम. बाकल्यात व्हायसिन आणि कॉनव्हायसिन नावाची द्रव्यं असतात, एन्झाइम कमी असलेल्या माणसाच्या पोटात ती गेली की तांबड्या पेशी भराभर फुटायला लागतात. शिजवल्याने हा धोका जातो असं धरून चालू नका. ताजा हिरवा बाकला सगळ्यात वाईट, पण सुका, डब्यातला, पीठ, भजी, सगळंच टाळायचं. मुलगा एरवी धडधाकट असणार, ह्यात तसंच असतं, ट्रिगर मिळेपर्यंत काही कळत नाही. चुकून खाल्लं गेलं तर एक-दोन दिवसांत चेहरा फिका पडणं, डोळे पिवळे होणं, लघवी काळ्या चहासारखी गडद होणं, धाप लागणं, ह्यातलं काही दिसलं तर वाट न बघता दवाखान्यात न्या आणि जी-सिक्स-पीडी हा शब्द आधी सांगा. हा दोष आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतो म्हणून मुलग्यांत जास्त दिसतो, तेव्हा नातवाच्या भावांची आणि त्याच्या आईच्या बहिणींकडच्या मुलग्यांचीही एकदा तपासणी झालेली बरी, साधी रक्ततपासणी आहे. अशा बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईनेही बाकला खाऊ नये.

आणि कपाटात डांबरगोळ्या ठेवता का? आपल्याकडे पावसाळ्यात कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून सर्रास ठेवतात, त्यातलं नॅफ्थलीनही ह्या मुलांना चालत नाही. मलेरियावरचं प्रायमाक्विन तसंच. डॉक्टरांकडून यादी घेऊन फ्रिजवर चिकटवा.

ह्याला जोडूनच, एकीने सासऱ्यांच्या पार्किन्सनबद्दल विचारलंय. बाकल्यात लेव्होडोपा नैसर्गिकच असतं, तेच त्यांच्या गोळीत आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. डिप्रेशनच्या काही जुन्या गोळ्यांबरोबरही बाकला चालत नाही, तेही विचारून घ्या.

प्रश्न: सकाळी सकाळी एवढं कडधान्य, गॅस नाही का होणार? (वेंगुर्ला)

उत्तर: पहिल्यांदा खाताना थोडा होईल. भिजवलेलं पाणी टाकायचं, दाणा पूर्ण विरेपर्यंत शिजवायचा आणि सुरुवातीला वाटीभरच खायचं. जिरं आहेच. वयस्कर माणसांना देताना साल काढून चेचून द्या, शिजलेल्या दाण्याचं साल चिमटीत दाबलं की निघतं. ओवा घातला तर चालेल का असंही विचारलंय, घाला, पण मग चव ओव्याची लागेल.

प्रश्न: उरलेल्या मुदम्मसची तामिया करता येते का? आणि बाकला परसात लावला तर होईल का? (सावंतवाडी)

उत्तर: तामिया म्हणजे इजिप्तचे वडे, तेही बाकल्याचेच पण न शिजवलेल्या. सोललेली बाकल्याची डाळ रात्रभर भिजवायची, पाणी पूर्ण निथळून कांदा, लसूण, कोथिंबीर, शेपू, धणे-जिरं घालून कच्चीच वाटायची आणि तळायची, आपण डाळवडे करतो त्या पद्धतीने. शिजलेल्या दाण्याचं केलं तर कढईत सगळं सुटून येईल. उरलेल्याचं दुसरं करा, तव्यावर थोडं तेल, कांदा-टोमॅटो परता, मुदम्मस घालून आटवा आणि दोन अंडी फोडून झाकण ठेवा.

परसातलं म्हणाल तर बाकला थंडीचं पीक आहे, 15 ते 20 अंश तापमान त्याला मानवतं, उकाडा वाढला की फुलं गळतात. आपल्या किनाऱ्यावर तशी थंडी जेमतेम पडते. तरी हौस असेल तर नोव्हेंबर लागताच पाच-सहा दाणे टोका, पाणी साचू देऊ नका, शेंड्यांवर काळा मावा बसतो तेव्हा शेंडा खुडून टाका. शेंगा मूठभरच धरतील. मुदम्मससाठी दाणे विकतच आणा आणि परसात त्या जागी पावटाच लावा.